सुहैली: मुंबईहून लंडनला पोहोचवायची एक नौका

१/
२२ एप्रिल १९६९. इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात ३२ फूट लांबीची एक लाकडी नौका शिरली. तिचा रंग उडाला होता आणि अंगावर गंजाचे ओघळ उतरले होते. नौकेवर माणूस एकच. ३१२ दिवस कुठल्याही बंदराला न लागता, कोणाची मदत न घेता, तो एकटा शिडाच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला होता. जगाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते. माणसाचे नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, नौकेचे नाव 'सुहैली'. आणि ही सुहैली जन्माने मुंबईची, कुलाब्याची!

२/
या विक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याआधीच्या प्रवासाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. सुहैली विश्वविक्रमासाठी बांधलेलीच नव्हती. मुंबईत एक नौका बांधून घ्यायची, मित्रांनी मिळून ती किनाऱ्या-किनाऱ्याने इंग्लंडला न्यायची आणि तिथे विकून टाकायची, एवढाच मूळ बेत होता. नवी नौका तिच्या नव्या घरी पोहोचवण्याचे हे साधे काम होते. पुढचा सारा इतिहास याच साध्या कामातून घडला. हा थ्रेड त्या कामाविषयी आणि ज्या शहराने ही नौका दिली त्या शहराविषयी.

३/
नॉक्स-जॉन्स्टन यांचा जन्म १९३९ चा. १९५७ मध्ये ते ब्रिटनच्या व्यापारी नौदलात दाखल झाले आणि 'ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन' या कंपनीच्या जहाजांवर अधिकारी म्हणून वावरू लागले. या कंपनीच्या बोटी मुंबईहून इराणच्या आखाताकडे आणि पूर्व आफ्रिकेकडे जात. मुंबईहून सुटणाऱ्या अशा जहाजांवर कोकणातल्या खलाशांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या होत्या. अधिकारी साहेब आणि खलाशी देशी, अशी ती जुनी व्यवस्था. १९६० नंतरच्या काळात ती मावळतीला लागली होती, पण अजून संपली नव्हती.

४/
नौका बांधायची तर मुंबईतच का? याचे उत्तर सव्वादोनशे वर्षे मागे जाते. १७३६ मध्ये सुरतेचे पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया यांना ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत आणले. १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी उभी राहिली. ती आशियातील अशा पहिल्या गोद्यांपैकी मानली जाते. पुढे सुमारे दीड शतक वाडिया घराण्याचे मुख्य कारागीर आणि त्यांच्या हाताखालचे शेकडो सुतार मुंबईत जहाजे घडवत राहिले. त्यांतली कित्येक जहाजे थेट ब्रिटिश आरमारासाठी होती.

५/
त्यामागे लाकडाचे शास्त्र होते. युरोपात जहाजे ओक लाकडाची होत. ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे आणि पट्ट्या गंजतात. सागवानात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे लोखंडही टिकते, वाळवी आणि बुरशीही दूर राहते. शिवाय नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडला चांगल्या ओकचा तुटवडा भासू लागला होता. मलबारचे सागवान मुंबईत उतरत होते आणि ते घडवणारे हातही मुंबईत होते. म्हणून लंडनच्या आरमार खात्याची नजर मुंबईकडे वळली.

६/
'एचएमएस ट्रिंकोमाली' हे त्याचे आजही उभे असलेले उदाहरण. हिच्या बांधणीची सुरुवातच अडथळ्याने झाली. आराखडे ज्या 'जावा' या युद्धनौकेवरून मुंबईला निघाले होते, ती नौका १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकनांच्या हाती सापडली. आराखडे पुन्हा पाठवावे लागले. अखेर १८१७ च्या ऑक्टोबरात जहाज पाण्यात उतरले आणि आफ्रिकेला वळसा घालून १८१९ मध्ये पोर्ट्‌समथला पोहोचले. नवे जहाज मुंबईत बांधायचे आणि इंग्लंडला नेऊन द्यायचे, ही रीत सुहैलीच्या दीडशे वर्षे आधीपासून चालत आली होती. ट्रिंकोमाली आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे.

७/
ट्रिंकोमालीचे मुख्य कारागीर जमशेटजी बोमनजी वाडिया. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. आपण बांधलेल्या एका जहाजाच्या आतल्या तुळईवर त्यांनी गुपचूप एक ओळ कोरून ठेवली होती: हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे, अशा अर्थाची, गोऱ्यांच्याच शिवराळ भाषेत. कित्येक वर्षांनी ती म्हणे सापडली. कथेतला प्रत्येक तपशील खरा असो वा नसो, ती पिढ्यान्‌पिढ्या का सांगितली गेली हे समजणे अवघड नाही. जहाज ज्याचे ठरते त्याचे नाव बाहेर लागते. ज्याने बांधले त्याला आपली ओळख आत, अंधारात कोरावी लागते.

८/
एकोणिसाव्या शतकात वाफ आली, लोखंड आले आणि लाकडी युद्धनौकांचे युग संपले. पण सुतारांची विद्या एका दिवसात संपत नाही. मोठ्या गोदीतून ती लहान गोद्यांकडे सरकली. मचवे, पडाव, मासेमारीच्या होड्या आणि अरबी समुद्रात व्यापार करणारी गलबते लाकडाचीच राहिली. १९६० च्या दशकातही मुंबईत असे सुतार होते, जे कागदावरची रेघ पाहून सागवानाची फळी वाकवू शकत होते.

९/
अशा मुंबईत नॉक्स-जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकारी अधिकाऱ्यांनी नौका बांधायचे ठरवले. आराखडा मागवला इंग्लंडमधील पूल गावच्या एका व्यावसायिकाकडून. जाहिरातीत पाहिलेली, मनात भरलेली नौका एक होती आणि टपालाने हाती पडलेला आराखडा दुसऱ्याच नौकेचा निघाला! ही नौका जुन्या वळणाची होती, दिसायला ठेंगणी आणि रुंद. परत पाठवून नवा आराखडा मागवायचा तर महिने जाणार. त्यांनी आहे त्याच आराखड्यावर काम सुरू करायचे ठरवले.

१०/
हा योगायोग पुढे नशीब ठरला. चुकून आलेला आराखडा होता 'एरिक' या नौकेचा. अमेरिकन आरेखक विल्यम ॲटकिन यांनी १९२० च्या दशकात तो काढला होता आणि त्याचे मूळ होते नॉर्वेत. तिथले नौकाशिल्पी कॉलिन आर्चर यांनी वादळात सापडलेल्या कोळ्यांना वाचवण्यासाठी बचावनौका घडवल्या होत्या. पुढून जशा निमुळत्या तशाच मागूनही निमुळत्या. त्यामुळे मागून येणारी उंच लाट नौकेवर आदळण्याऐवजी दुभंगून निघून जाते. वेग कमी, पण भरवसा मोठा.

११/
१९६३ च्या सुमारास कुलाब्यात काम सुरू झाले. लांबी ३२ फूट, रुंदी सुमारे ११ फूट, दोन डोलकाठ्या, आणि लाकूड सागवान. यंत्रे जवळजवळ नव्हतीच. सुतार वाकसाने लाकूड तासत होते आणि दोरीच्या धनुकलीने फिरणाऱ्या गिरमिटाने भोके पाडत होते. वाडियांच्या काळातील एखादा कारागीर त्या जागी येऊन उभा राहिला असता, तर त्याला एकही हत्यार अनोळखी वाटले नसते. चंद्रावर माणूस उतरवण्याची तयारी त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला चालू होती.

१२/
लाकडी नौकेत फळीला फळी कितीही घट्ट भिडवली तरी मध्ये फट उरतेच. त्या फटीत कापूस वा ताग ठासून भरतात आणि वरून लुकण लावतात. पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगते, फळ्या एकमेकींना दाबतात आणि नौका पाणी धरत नाही. लाकडी नौका ओली राहिली तरच निरोगी राहते. हा एक मुद्दा लक्षात ठेवावा. सुहैलीच्या आयुष्यात तो दोनदा निर्णायक ठरला.

१३/
१९६४ च्या अखेरीस नौका पाण्यात उतरली. युरोपात अशा वेळी नाळेवर शँपेनची बाटली फोडतात. इथे मुंबईच्या रीतीप्रमाणे नारळ फोडला गेला. तो मान मुंबईतील कुवेतच्या वाणिज्यदूतांच्या पत्नीचा होता. नावही समुद्रानेच दिले. आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला 'सुहैली' म्हणतात. 'सुहैल' हे दक्षिण आकाशातील एका ठळक ताऱ्याचे अरबी नाव. तोच आपला अगस्ती! ज्या ऋषीने एका आचमनात समुद्र प्राशन केल्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगतात, त्याच्या ताऱ्याचे नाव कुलाब्याच्या नौकेला मिळाले.

१४/
नौका तयार झाली, पण बेत विस्कटत गेला. पैसे अपुरे पडले. सुरुवातीचे भागीदार एकेक करून बाजूला झाले. नोकरी, बदली, संसार, कारणे नेहमीचीच होती. नॉक्स-जॉन्स्टन यांनी उसनवारी करून नौका स्वतःकडे ठेवली. सोबतीला इंग्लंडहून धाकटा भाऊ ख्रिस आला आणि हाइन्त्स फिंगरहूट हा मित्र तयार झाला. तिघांपैकी जहाजावरच्या अधिकारपदाचा अनुभव नॉक्स-जॉन्स्टन यांच्या गाठीशी होता. पण २०-२५ माणसांच्या बोटीवर हुकूम देणे वेगळे आणि ३२ फुटांत तिघांनी महिनोन्‌महिने राहणे वेगळे.

१५/
डिसेंबर १९६५ मध्ये सुहैलीने मुंबई सोडली. महिना नीट निवडलेला होता. अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर नैऋत्येचा मोसमी वारा सुटतो. तेव्हा लहान नौकेने बंदर सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी समुद्रात जात नाहीत ते याचसाठी. नोव्हेंबर ते मार्च वारा ईशान्येचा. आकाश निरभ्र, समुद्र शांत, आणि आफ्रिकेकडे जाणाऱ्याला पाठीमागून साथ. हिवाळ्यात जा, पावसाळ्याच्या वाऱ्यावर परत ये, हे अरबी समुद्राचे वेळापत्रक ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांच्याही आधीचे आहे.

१६/
मुंबई, मस्कत, मग अरबस्तानच्या किनाऱ्याने सरकत मोम्बासा, झांझिबार, दारेसलाम. सुहैलीचा हा मार्ग नकाशावर पाहिला तर तो कोणा हौशी इंग्रजाने शोधलेला वाटत नाही. कच्छ, काठेवाड, कोकण आणि मलबारची गलबते शतकानुशतके हाच रस्ता धरत. इकडून कापड, तांदूळ, लाकूड. तिकडून खजूर, लवंग, हस्तिदंत. १९६५ च्या हिवाळ्यातही अरबी आणि भारतीय गलबते त्या वाऱ्यावर चालत होती. सुहैली त्या जुन्या वाहतुकीतील एक नवी नौका होती, इतकेच.

१७/
पण किनारा जुना असला तरी काळ बदलत होता. झांझिबारमध्ये जानेवारी १९६४ च्या क्रांतीत अरब सुलतानाची सत्ता उलथली होती. अरब आणि भारतीय वंशाच्या शेकडो कुटुंबांना तिथून निघावे लागले होते. ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारने नोव्हेंबर १९६५ मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले होते. मोझांबिक अजून पोर्तुगीजांकडे होता. गोवा मात्र चार वर्षांपूर्वीच मुक्त झाला होता. साम्राज्ये आवरती घेतली जात असताना, साम्राज्याच्या एका बंदरात बांधलेली नौका त्याच किनाऱ्यावरून साम्राज्याच्या राजधानीकडे निघाली होती.

१८/
तेव्हा उपग्रहावरून जागा सांगणारे साधन नव्हते. क्षितिजापासून सूर्य वा तारा किती अंशांवर आहे ते सेक्स्टंटने मोजायचे, त्याच क्षणी घड्याळ पाहायचे, मग तक्ते उघडून गणित करायचे. घड्याळ चार सेकंद चुकले तर विषुववृत्तावर जागा सुमारे एका सागरी मैलाने चुकते. ढग आले तर वेग, दिशा आणि प्रवाह यांवरून अंदाज बांधायचा. लहान नौकेत हे सारे डुलत्या फळीवर उभे राहून करावे लागते. मुंबई-आखात मार्गावर मोठ्या जहाजांच्या अधिकाऱ्यांनी गिरवलेली ही विद्या इथे रोजच्या जगण्याचा भाग झाली.

१९/
मोझांबिकच्या खाडीतून दक्षिणेला उतरले की आगुल्हास हा प्रवाह भेटतो. तो उबदार, वेगवान आणि दक्षिणेकडे वाहणारा. नौकेला तो पुढे ढकलतो, पण समोरून नैऋत्येचे वादळ आले की प्रवाह आणि वारा एकमेकांवर आदळून खड्या भिंतीसारख्या लाटा उठतात. मोठी जहाजेही इथे जपून चालतात. सुहैली दर्बानला पोहोचली तेव्हा आणखी एक जुनाच शत्रू समोर होता: पैसा संपला होता. नौका पुढे न्यायची तर आधी कमाई करायला हवी. दक्षिण आफ्रिकेत नोकरी-कामे करण्यात महिने गेले.

२०/
सुएझ कालव्याचा जवळचा रस्ता का धरला नाही, असा प्रश्न मनात येईल. शिडाच्या नौकेसाठी तांबड्या समुद्राचा उत्तर भाग अतिशय कष्टाचा आहे. तिथे वर्षातील बहुतेक काळ वारा वायव्येकडून, म्हणजे थेट तोंडावर येतो. केप ऑफ गुड होपचा वळसा हजारो मैलांनी लांब, पण वाऱ्याच्या हिशेबाने सरळ. वास्को-द-गामा तिथूनच आला आणि ट्रिंकोमालीही याच मार्गाने गेली. केप टाउन सोडल्यावर सुहैली कुठेही न थांबता सुमारे अडीच महिने चालली आणि १९६७ मध्ये लंडनला पोहोचली.

२१/
या शेवटच्या टप्प्यात एक गोष्ट ध्यानात आली. शिडे विशिष्ट रीतीने ताणून ठेवली की सुहैली आपली दिशा आपणच राखत असे. सुकाणूला तासन्‌तास हात लावावा लागत नसे. लांब, खोल तळाची ती बचावनौकेची घडण होती. वेग तिच्यात नव्हता, तोल होता. सुहैलीला पोहोचवायला निघालेल्या माणसांना आपली नौका कशी आहे ते पोहोचवता-पोहोचवता कळले. हे ज्ञान कुठल्या आराखड्यात लिहिलेले नव्हते.

२२/
लंडनला पोहोचल्यावर नौका विकायची होती. त्या पैशातून नॉक्स-जॉन्स्टन यांना मोठी, वेगवान, नवी नौका बांधायची होती. कारण न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा विचार आता मनात शिरला होता. पण सुहैली विकली गेली नाही. नव्या नौकेसाठी पुरस्कर्ते मिळाले नाहीत. शेवटी हाती उरली ती कुलाब्याची जुन्या वळणाची नौका. ज्या नौकेला बाजारात गिऱ्हाईक मिळाले नाही, तीच घेऊन १४ जून १९६८ रोजी त्यांनी फाल्मथ सोडले.

२३/
'संडे टाइम्स'ने जाहीर केलेल्या त्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत नऊ जण उतरले. सुहैली त्यांतल्या संथ नौकांपैकी. अटलांटिकमध्येच तळाजवळच्या फटींतून पाणी आत येऊ लागले. फळ्यांमधल्या भरणीचा मुद्दा इथे पहिल्यांदा निर्णायक ठरला. नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर समुद्रात नौका थांबवली, पाण्याखाली बुडी मारून, श्वास रोखून त्या फटी भरल्या आणि वर पट्टी ठोकली. लाकडी नौकेचा गुण हाच: तिला जे बिघडते ते हातोडी-खिळ्याने, एका माणसाला, समुद्रातही नीट करता येते.

२४/
पुढे टास्मन समुद्रात आपोआप दिशा राखणारे यंत्र मोडून पडले. अर्धे जग अजून बाकी होते. तेव्हा केप टाउन ते लंडन प्रवासात समजलेला नौकेचा तोल कामी आला. शिडांवरच दिशा सांभाळत सुहैलीने केप हॉर्न ओलांडले. नऊपैकी कोणी माघार घेतली, एकाची नौका बुडाली, बर्नार मॉइतेसिए शर्यत सोडून ताहितीकडे निघून गेले, डोनाल्ड क्रोहर्स्ट यांचा समुद्रातच अंत झाला. शेवटपर्यंत पोहोचली एकटी सुहैली. मिळालेले ५,००० पौंड नॉक्स-जॉन्स्टन यांनी क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकले.

२५/
आता या कथेची भारतीय बाजू. १९६९ मध्ये भारतीय हातांनी बांधलेली नौका जगाभोवती गेली, पण तिच्यावर खलाशी इंग्रज होता. भारतीय खलाशी शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा केव्हा करणार? पहिले उत्तर नौदलाने नव्हे, तर भूदलाच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सने दिले. या कोअरचे अधिकारी ज्या 'कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग'मध्ये शिकतात, ते पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर दापोडीला, पवना-मुळेच्या संगमाजवळ आहे. समुद्र तिथून शंभरावर किलोमीटर दूर, मध्ये सह्याद्रीची भिंत!

२६/
या अभियंत्यांची नौका 'तृष्णा'. ती भारतात बांधलेली नव्हती. इंग्लंडमध्ये विकत घेतलेली जुनी यॉट या मंडळींनी स्वतः शिडावर मुंबईला आणली. सुहैली मुंबईहून लंडनला पोहोचवली गेली होती, तृष्णा उलट दिशेने घरी आली. सप्टेंबर १९८५ मध्ये मुंबईहून निघून, बंदरे घेत, जानेवारी १९८७ मध्ये ती मुंबईला परतली. शिडाच्या नौकेतून झालेली ही भारतीयांची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. खलाशी आपले होते, नौका परकी. अर्धे गणित अजून सुटायचे होते.

२७/
ते सोडवण्याचा ध्यास घेतला व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी असलेले आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहत. भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्या भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही त्यांची कल्पना. गोव्यात मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची 'म्हादई' बांधली गेली आणि २००९ मध्ये नौदलाला मिळाली. कमांडर दिलीप दोंदे तिचे कप्तान. तयारीसाठी त्यांनी ज्यांच्याकडे धडे घेतले, ते गुरू होते खुद्द रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन.

२८/
१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांवर थांबून मे २०१० मध्ये मुंबईला परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादईतून न थांबता ती पूर्ण केली. दिवाडीच्याच 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. मुंबईच्या सुतारांची नौका घेऊन गेलेल्या माणसाची विद्या, चाळीस वर्षांनी, शिकवणीच्या रूपाने याच किनाऱ्यावर परत आली होती.

२९/
वर्तुळ आणखी एकदा फिरले. २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरवली गेली, १९६८ च्याच साधनांनिशी. तिच्यासाठी गोव्यात सुहैलीची प्रतिकृती बांधली गेली: 'थुरिया'. कप्तान अभिलाष टॉमी. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात थुरिया उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना वाचवले. थुरिया समुद्रातच सोडून द्यावी लागली. आराखडा तोच असला तरी समुद्र दरवेळी तोच निकाल देत नाही. पुढच्या शर्यतीत, २०२३ मध्ये, टॉमी दुसऱ्या नौकेतून दुसरे आले.

३०/
आणि मूळची सुहैली? काही वर्षे ती लंडनच्या ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात मानाने ठेवलेली होती. पण संग्रहालयातील कोरड्या, नियंत्रित हवेत सागवान आक्रसू लागले आणि फळ्यांमधल्या फटी उघडल्या. ज्या लाकडाला दक्षिण महासागर मोडू शकला नाही, ते काचेआडच्या सुरक्षिततेत सुकत चालले! फळ्यांच्या फटींचा मुद्दा इथे दुसऱ्यांदा निर्णायक ठरला. नॉक्स-जॉन्स्टन यांनी २००२ मध्ये तिला तिथून बाहेर काढले, दुरुस्त केले आणि पुन्हा पाण्यात उतरवले.

३१/
जमशेटजी वाडिया यांचे नाव टिकले, कारण ते मुख्य कारागीर होते, आरमाराच्या दप्तरात होते. रत्नाकर दांडेकर यांचे नाव आज म्हादईबरोबर घेतले जाते, हेही योग्यच. पण १९६३-६४ मध्ये कुलाब्यात वाकस चालवणाऱ्या सुतारांची नावे विक्रमांच्या यादीत लागली नाहीत. कॅप्टनला नाइटहूड मिळाले, आरेखकाचे नाव पुस्तकात आले, नौकेला संग्रहालय मिळाले. फळ्या जोडणाऱ्यांची ओळख फळ्यांपुरतीच राहिली.

३२/
इतिहास वाचताना 'कोणी केले' या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका नावावर संपते. सुहैलीच्या बाबतीत ते उत्तर अपुरे आहे. एकट्याने केलेल्या त्या प्रदक्षिणेत चुकून आलेला एक आराखडा होता, विकली न गेलेली एक नौका होती, मुंबई ते लंडन सोबत केलेला एक भाऊ आणि एक मित्र होते, आणि सागवानाची जात ओळखणारे कुलाब्याचे हात होते. त्या हातांनी बसवलेल्या फळ्यांनी ३१२ दिवस पाणी बाहेर धरून ठेवले. फाल्मथमध्ये उतरलेला माणूस एकटा होता. त्याला तिथवर आणणारे मात्र पुष्कळ होते.